शिगवणकाकांचा माफीनामा

सहदेव शिगवण हा माणूस भित्रा होता. हे त्याच्या माघारी सांगतोय असं नाही, तोंडावर सांगितलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. साहेबांची गाडी गेटातून आत आली की हा बसल्या जागी उभा राहायचा. बँकेत पासबुक भरायला गेला तरी काचेपलीकडच्या मुलीला दोनदा सॉरी म्हणायचा. फोनवर अनोळखी नंबर दिसला की उचलू का म्हणून आधी बायकोला विचारायचा. कोपरला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे मूळचं गुहागरकडचं कुटुंब राहत होतं: सहदेव, बायको रतन आणि एकुलती मुलगी अक्षदा. सहदेवच्या भित्रेपणाला घरात कुणी नावं ठेवत नसे. त्याने कधी कुणाशी भांडण ओढवून आणलं नव्हतं, आणि नोकरी एक दिवसही धोक्यात घातली नव्हती.

नोकरी म्हणजे ठाण्याला बाळकुमजवळच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचा शिपाई. सत्तावीस वर्षं झाली होती. परीक्षेत कॉपी करताना कुणी पकडलं गेलं की त्याची चौकशी करायला कॉलेजची एक समिती असते. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला नुसतं कमिटी म्हणतात. वर्षातून दोनदा, परीक्षा आटोपल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती बसते. आत तीन प्राध्यापक, बाहेर बाकावर उतरलेल्या चेहऱ्यांची मुलं, आणि दाराशी स्टुलावर सहदेव. नावं पुकारायची ती त्यानेच आणि आत पाणी ठेवायचं तेही त्यानेच, पण सुनावणी सुरू झाली की दार ओढून बाहेर यायचं. त्यामुळे सत्तावीस वर्षांत त्याने एकही सुनावणी पाहिली नव्हती. त्याला दिसायचे ते आत जाणारे चेहरे आणि बाहेर येणारे.

त्या मुलांची त्याला फार दया यायची. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लांबून ओळखू येते. तो हळूच जवळ जायचा, पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि समजवायचा, बाळा, वाद घालू नको, मान्य करून टाक, मोठ्या माणसांपुढे मान खाली घातली की त्यांचा राग उतरतो. मग मजकूरही सांगायचा. ‘माझ्याकडे सापडलेला कागद माझा आहे. माझ्याकडून चूक झाली. माझी ही पहिलीच चूक असून मोठ्या मनाने मला माफ करावे, ही नम्र विनंती.’ परीक्षेच्या दिवशी मुलाला पकडून परीक्षा विभागात आणलं आणि जबाब लिहायला बसवलं, तरी सहदेव मागून हेच सांगायचा. मुलं डोळे पुसत पुसत लिहायची. सुपरव्हायझरना घाई असायची, त्यांनाही ते बरंच पडायचं. मुलांमध्ये त्याचं नाव माफीवाले काका पडलं होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

हा मंत्र त्याला मिळाला तो नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक प्रत कमी भरली आणि तेव्हाचे रजिस्ट्रार त्याच्यावर तुटून पडले. सहदेवने गठ्ठ्याला हातही लावला नव्हता. पण कुणीतरी सुचवलं, माफीनामा लिहून दे, आणि त्याने दिला. साहेबांनी वाचला, बरं म्हणाले, प्रकरण मिटलं. तिसऱ्या दिवशी ती प्रत साहेबांच्याच कपाटात सापडली. सहदेवला कुणी काही म्हणायला आलं नाही, आणि यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नोकरी राहिली यातच तो खूश होता. एकदा हात भाजला की माणूस शहाणा होतो म्हणतात. याचा हात भाजला नाही, म्हणून हा तसाच राहिला.

अक्षदा त्याच कॉलेजात बीकॉमला होती. मुलगी हुशार, बोलायला कमी, अभ्यासाला पक्की. शेवटच्या परीक्षेच्या आधीच वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने तिला अकाउंट्समध्ये घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच होती: जुलैपर्यंत पदवीचा निकाल दाखवायचा. शिगवणांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच माणूस होतं. रतनने गावाला सगळ्यांना फोन करून झाले होते.

एप्रिलमध्ये पहिलाच पेपर कॉस्ट अकाउंटिंगचा होता. अर्धा तास झाला असेल नसेल, वरच्या मजल्यावरून सिनियर सुपरव्हायझर एका मुलीला घेऊन परीक्षा विभागात आले. सहदेव सवयीने पाण्याचा ग्लास भरायला वळला, आणि परत वळून बघतो तर समोर अक्षदा. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ग्लासातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर पडलं, ते त्याला कळलंही नाही.

सुपरव्हायझरांनी तिची उत्तरपत्रिका आणि सापडलेला कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, वर सही केली, आणि तिच्यापुढे जबाबाचा फॉर्म ठेवला. जबाब लिहून दे म्हणाले. अक्षदाने पेन उचललं आणि बापाकडे बघितलं. त्या क्षणी बापाने निदान एवढं तरी विचारायला हवं होतं की बाई गं, झालं काय. पण सहदेवच्या डोक्यात भीतीशिवाय काही शिल्लकच नव्हतं. आणि भीती वाटली की त्याच्या तोंडात एकच मजकूर यायचा. तो मागे उभा राहिला आणि हलक्या आवाजात सांगत गेला, माझ्याकडे सापडलेला कागद माझा आहे, माझ्याकडून चूक झाली. अक्षदाने एकदा मान वर केली, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग तिने मान खाली घातली आणि सांगितलं तसं लिहिलं. तिला नवी उत्तरपत्रिका मिळाली आणि ती उरलेला पेपर द्यायला वर गेली.

घरी ती त्या विषयावर बोलली नाही. रतनने खोदून विचारलं, रागावली, शेवटी रडली. बाकीचे पेपर तिने दिले. सहदेवला लाज वाटत होती, आपली मुलगी कॉपी करते म्हणून. पण आत कुठेतरी एक धीर होता: माफीनामा वेळेवर गेला आहे, साहेब लोक ओळखीचे आहेत, होईल काहीतरी. मेच्या सुरुवातीला नोटीस आली. आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, असं त्यात विचारलं होतं, आणि सुनावणीची तारीख होती. रतनने ती देवापुढे ठेवली. अक्षदाने ती उचलून दप्तरात टाकली.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना सहदेव कल्याणला मेहुणीकडे निघाला होता. स्टेशनबाहेर रिक्षात बसला, तर रिक्षावाला आरशातून त्याच्याकडेच बघत होता. तिशीतला, अंगाने भरलेला माणूस. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, तुम्ही माफीवाले काका ना. सहदेव खूश झाला. रिक्षावाला म्हणाला, मी काळुराम, तुमच्याच कॉलेजला होतो, सेकंड इयरला. सहदेवने कौतुकाने विचारलं, मग, पुढे काय झालं त्या प्रकरणाचं.

काळुरामने रिक्षा बाजूला घेतली. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे सहदेवला जास्त जड गेलं.

“काका, ती चिठ्ठी माझी नव्हती. पुढच्या पोराने मागे फेकलेली. मी तेच सांगणार होतो. तुम्ही बोललात, वाद नको घालू, लिहून दे. मी लिहून दिलं. आतमध्ये मला एकच विचारलं, ही सही तुझी ना? मी हो बोललो. तर बोलले, जा.”

“मग?”

“मग काय. ती परीक्षा गेली आणि पुढच्या दोन परीक्षांना बसू दिलं नाही. बाबांनी रिक्षावर बसवलं. ते परत कॉलेज काय झालंच नाही.”

सहदेव मेहुणीकडे गेलाच नाही. काळुरामने त्याला परत स्टेशनवर आणून सोडलं आणि तब्येतीची काळजी घ्यायला सांगून निघून गेला. सहदेव बराच वेळ रिक्षा स्टँडच्या कठड्याला धरून उभा होता. बाकावरून आत गेलेली पोरं त्याला आठवत होती. बाहेर येताना ती त्याला नमस्कार करायची, थँक्यू काका म्हणायची. निकाल तेव्हा कुणालाच माहीत नसायचा, तो दोन-तीन आठवड्यांनी टपालाने जायचा. ही साधी गोष्ट त्याच्या कधी ध्यानातच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने हेडक्लार्क सुधीर नलावडेला गाठलं. सुधीर मनाने वाईट नव्हता, पण जिभेवर साखर कमी. कमिटीच्या फायली तोच लावायचा. त्याने दार लोटून घेतलं आणि कमिटी कशी चालते ते पहिल्यांदा सहदेवला नीट सांगितलं. कमिटीपुढे तीन कागद असतात. सुपरव्हायझरचा रिपोर्ट, सापडलेला मजकूर आणि मुलाचा जबाब. विषयाचा प्राध्यापक मजकूर आणि उत्तरपत्रिका ताडून बघतो, त्यातलं काही उतरवलंय का म्हणून. मुलाने नाही म्हटलं तर कमिटीला ते सिद्ध करावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात, कधी सुपरव्हायझरला बोलवावं लागतं. मुलाने हो म्हणून लिहून दिलेलं असलं की ते सगळं संपतं. मग उरतो शिक्षेचा तक्ता. चिठ्ठी असेल तर ही, मोबाइल असेल तर ती.

“आणि माफी मागितली असेल तर?” सहदेवने विचारलं.

“माफीचा रकाना नाही त्यात, शिगवण.”

सहदेव खुर्चीच्या काठावर टेकला. सुधीरने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. म्हणाला, तुझ्या पोरीचं प्रकरण तर वेगळंच आहे, चिठ्ठी नाहीच ती. तिच्या हॉलतिकिटाच्या मागे छापील गणितं आहेत, सोडवलेली, आणि ती आपल्याच कॉलेजच्या दोन वर्षांपूर्वीच्या आदर्श उत्तरांची आहेत. पेपर तपासणाऱ्यांना देतात तीच, बाहेर न जाणारी. आता कमिटी विचारणार की हा कागद हिच्याकडे आला कुठून. परीक्षा विभागातून चोरला असं ठरलं, तर साध्या कॉपीवर भागणार नाही.

सहदेवला सगळं कळलं. निकाल लागल्यावर ती आदर्श उत्तरं मशीनमध्ये घालून फाडायची, हे काम त्याचंच होतं. पण एका बाजूने कोरा कागद फाडायचा हे त्याच्या जिवावर यायचं. गावच्या शाळेत पाटीवर शिकलेला माणूस तो. असे पाठकोरे कागद तो खणात साठवायचा आणि ऑफिसच्या बारीकसारीक छपाईला वापरायचा. सुधीरही वापरायचा, सगळेच वापरायचे. अक्षदाचं हॉलतिकीट त्याने त्याच खणातल्या कागदावर छापलं होतं, आणि पोरीची सोय म्हणून आयकार्डाशी पाठीला पाठ लावून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घरी नेलं होतं. पेपरच्या दिवशी सही करायला सुपरव्हायझरांनी ते बाहेर काढायला लावलं, तेव्हा मागची बाजू पहिल्यांदा उजेडात आली. सुधीर हे सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, हे मी ऐकलेलं नाही. तुला निवृत्तीला चौदा महिने आहेत. गोपनीय कागद तू बाहेर नेलास असं कळलं तर निवृत्तीही नाही आणि काहीच नाही. आणि सुनावणीच्या दिवशी रजा टाक, दारावर लायब्ररीतले आबा उभे राहतील.

त्या संध्याकाळी रतन भाजी आणायला खाली गेली होती. सहदेव अक्षदासमोर बसला. तिला कधी कळलं, ते त्याने विचारलं.

“तिथेच कळलं,” ती म्हणाली. “कागद उलटा केला आणि तुमचं ऑफिस दिसलं मला. पप्पा, मी सांगणार होते. पण तुम्ही मागे उभे होतात. माझ्या मागून बोललात, कागद माझा आहे लिही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला सांगताय की मी तुम्हाला वाचवावं.”

पोरीने एवढे दिवस हे मनात धरलं होतं की बापाने तिला स्वतःसाठी पुढे केलं. आणि तरीही तिने सही केली होती.

“मला नव्हतं गं माहीत,” तो म्हणाला. “आईशप्पथ.”

“ठीक आहे. आता तसंच राहू दे. मी आत गप्प बसणार. वर्ष गेलं तर गेलं. तुमचं गेलं तर परत नाही येणार.”

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की त्याला तिची भीती वाटली. बोलणं तिचं होतं, पण भीती सगळी त्याची होती. हा साहेबांपुढे कसा वाकतो ते लहानपणापासून बघत बघत ती मोठी झाली होती.

पुढचे दिवस सहदेवचे फार वाईट गेले. रोज ठरवायचा की सांगून टाकू, आणि कॉलेजचं गेट दिसलं की नेहमीच्या कामाला लागायचा. कमिटीच्या अध्यक्ष सुहासिनी करंदीकर मॅडम जिन्यात दोनदा भेटल्या. दोन्ही वेळा हा नमस्कार करून भिंतीला लागला. रतनला त्याने काही सांगितलं नाही. ती म्हणायची, अहो, तुम्ही एवढे ओळखीचे, तुमच्या मुलीला काय करणार ते.

सुनावणीच्या दिवशी अक्षदा एकटीच निघाली. सहदेवने रजा टाकली होती, पण अर्ध्या तासाने तोही मागोमाग गेला. दुसऱ्या मजल्यावर बाकावर सात मुलं होती. स्टुलावर आबा. आबांनी त्याला बघून मान हलवली. अक्षदा त्याच्याकडे बघेना. त्याचं नेहमीचं दार, नेहमीचा पंखा, पण आज बाकावर बसल्यावर दार फार उंच वाटलं त्याला. त्याने हात मांड्यांखाली घातले. दोन नावं झाली. तिसरं नाव आबांनी पुकारलं, शिगवण अक्षदा सहदेव. ती उठून आत गेली आणि दार बंद झालं.

शेजारी बसलेल्या मुलीने त्याला ओळखलं. डोळे सुजलेले होते तिचे. काका, तुम्हीच ना ते माफीचं सांगता, असं तिने विचारलं. पेपरच्या दिवशी तिने घाबरून नुसती सही केली होती, आता आत काय सांगू असं ती म्हणत होती. तो मजकूर जसाच्या तसा सहदेवच्या ओठावर आला. त्याने तो गिळला. मग विचारलं, बाळा, तू खरंच कॉपी केलीस का. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने एकाही मुलाला विचारला नव्हता. मुलगी म्हणाली, दोन ओळी. बाकीचं मला येत होतं.

“मग दोन ओळीच सांग,” सहदेव म्हणाला. “जास्त नको आणि कमी नको.”

हे बोलला आणि उठला. आबा म्हणाले, सहदेव, आत जायचं नाही, तुला ठाऊक आहे. त्याला ठाऊक होतं. धैर्य वगैरे काही आलं नव्हतं त्याला. आत गेलो तर काय होईल याची भीती होतीच. नाही गेलो तर पोरगी जन्मभर काय होऊन बसेल, याची भीती आज त्या भीतीहून मोठी होती, एवढंच. त्याने दार लोटलं.

अक्षदा टेबलासमोर उभी होती. करंदीकर मॅडम हॉलतिकीट हातात धरून विचारत होत्या, हा कागद तुझ्याकडे कुठून आला. बहुधा तिसऱ्यांदा विचारत असाव्यात. अक्षदाची नजर फरशीवर होती.

“मॅडम, तो माझा कागद आहे,” सहदेव म्हणाला. आवाज चिरका निघाला.

अक्षदा गर्रकन वळली. “पप्पा, बाहेर जा.”

तो गेला नाही. खण, पाठकोरे कागद, न फाडलेली उत्तरं, प्लॅस्टिकचं पाकीट, सगळं त्याने जसं आठवेल तसं उलटसुलट सांगितलं. मॅडमच्या उजवीकडचे सर मध्येच म्हणाले, शिगवण, तुम्ही काय बोलताय याचा अर्थ कळतोय ना, गोपनीय कागद होते ते. तो हो साहेब म्हणाला. डावीकडच्या सरांनी उत्तरपत्रिका मॅडमपुढे सरकवली आणि सांगितलं की मागच्या गणितांतलं एकही हिच्या पेपरात उतरवलेलं नाही, मुळात या वर्षी ती विचारलीच नव्हती.

मॅडमनी जबाबाचा फॉर्म उचलला. “पण हिने लिहून दिलंय, कागद माझा आहे, चूक झाली. हे हिला कुणी सांगितलं?”

“मी.”

मॅडमनी फॉर्म खाली ठेवला. मग त्यांनी समोरच्या फायली एकेक करून उघडल्या. सातांपैकी पाच जबाबांत तीच वाक्यं होती, त्याच क्रमाने. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटत होतं हा ऑफिसने ठरवून दिलेला मसुदा आहे. किती वर्षं सांगताय हे?

सहदेवला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशीपुरतं, स्वतःच्या मुलीपुरतं, असं म्हणता आलं असतं, आणि विचारणाऱ्यांनाही ते सोयीचं झालं असतं.

“पंचवीसेक वर्षं, मॅडम.”

“वर्षाला किती मुलं?”

“दहा. कधी पंधरा.”

टिपणं घेणाऱ्या उजवीकडच्या सरांचं पेन थांबलं. हे लिहायचं का, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी उघडलेल्या फायली एकावर एक ठेवल्या. त्यातली बारा वर्षं त्या स्वतः त्या खुर्चीत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, लिहा.

पण जबाब जबाब असतो. तो नुसता बापाच्या सांगण्याने पुसला जात नाही, हे मॅडमनी समजावून सांगितलं. अक्षदाने तो स्वतःच्या हाताने मागे घ्यायला हवा आणि तो कोणत्या परिस्थितीत दिला ते लिहायला हवं. त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला. अक्षदा पेन घेईना. तिला कळत होतं की त्यावर जे लिहिलं जाईल ते बापाच्या फायलीत जाईल. ती नको नको म्हणत राहिली. सहदेव पुढे आला, आणि सवयीने तिच्या मागे उभं राहायला गेला. मग काय वाटलं कोण जाणे, टेबलाला वळसा घालून तिच्या समोर येऊन उभा राहिला.

“मी काही सांगणार नाही,” तो म्हणाला. “तुझं तू लिही.”

तिने बराच वेळ घेतला. तीनच ओळी लिहिल्या. मॅडमनी त्या मोठ्याने वाचल्या, कारण टिपणात घ्यायच्या होत्या.

“मी कॉपी केलेली नाही. मी घाबरले होते आणि माझे वडीलही घाबरले होते, म्हणून आम्ही चूक झाली असं लिहिलं. काय झालं ते त्या दिवशी आम्हांला कुणीच विचारलं नाही, आणि आम्हीही एकमेकांना विचारलं नाही.”

मॅडमनी सहदेवला विचारलं, हे खरं आहे का. तो म्हणाला, हो. मग त्याला बाहेर जायला सांगितलं आणि तो गेला. बाहेर आल्यावर आबांनी त्याला आपल्या स्टुलावर बसवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अक्षदाचं पत्र आलं. दोष सिद्ध होत नाही, निकाल जाहीर करण्यात येईल. त्याच आठवड्यात सहदेवचंही पत्र आलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. जुन्या जबाबांचं काय करायचं, यावर कॉलेजात म्हणे एक बैठक झाली. काय ठरलं ते अजून कुणाला माहीत नाही. सुधीरने फोन करून सांगितलं की निवृत्तीवेतनाचं काही खरं नाही, आणि वर वेडा आहेस म्हणाला.

सहदेव हल्ली दिवसभर घरी असतो. जिन्यावर पावलं वाजली की दचकतो. टपाल आलं की रतनला उघडायला सांगतो. स्वभाव काही जात नाही. निकाल लागला आणि अक्षदा एक जुलैला कामावर रुजू झाली. त्या सकाळी ती डबा घेऊन निघाली तेव्हा हा गॅलरीत उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होता. रतन मागून आली. तिला आता सगळं कळलं होतं. भीती नाही वाटत का तुम्हाला, असं तिने विचारलं.

“वाटते ना,” तो म्हणाला. “खूप वाटते. पण आता या घरात भिणारा मी एकटाच आहे.”